बुडबुड्याची साक्ष

आपल्या मराठी वाङ्मयात बुडबुड्याला फार वाईट वागणूक मिळाली आहे. संसार खोटा आहे असे सांगायचे असले की कीर्तनकार बुवा बुडबुड्याला पुढे करतात. संपत्ती, तारुण्य, अधिकार यांचा भरवसा धरू नये हे पटवायलाही तोच बिचारा. आणि आमच्या वर्गात 'जीवन' या विषयावर निबंध लिहायला दिला, की निम्म्या वह्यांत तो पाण्यावर तरंगत येतो आणि दुसऱ्याच ओळीला फुटतो. गेली वीस वर्षे मराठी शिकवून मला इतके कळले आहे, की मराठी माणूस एक वेळ शेजाऱ्याचा भरवसा धरील, पण बुडबुड्याचा धरणार नाही.

आज या सदरात मी त्याच बुडबुड्याची बाजू मांडणार आहे. मात्र हा बुडबुडा पाण्यावरचा नव्हे. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या नळीत तो कोंडलेला असतो, आणि ती नळी बसवलेली असते चक्क बंदुकीवर!

बंदूक म्हटल्याबरोबर कोणी पान उलटू नये. ही बंदूक छऱ्याची; हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी. जत्रेत फुगे फोडायला आपण सगळ्यांनीच ती कधी ना कधी खांद्याला लावली आहे, आणि फुगा फुटला नाही म्हणजे "बंदूकच वाकडी आहे हो!" असे म्हणून खाली ठेवली आहे. तिचीच एक गंभीर, वजनदार आणि अतिशय खर्चिक अशी थोरली बहीण आहे. तिला स्पर्धेची एअर रायफल म्हणतात. ही थोरली गेली तीन वर्षे माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी कुलपात राहते आहे. तिची मालकीण म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. साताऱ्याकडून पुण्याला माझ्याकडे आली ती वाणिज्य शाखेची पदवी घ्यायला. पण पहिल्या सहामाहीतच कोणाबरोबर तरी नेमबाजीच्या केंद्रावर गेली, आणि तिचा कल कुठे आहे ते आम्हा सर्वांना कळून चुकले.

'कल' हा आपला मोठा गमतीचा शब्द. मुलाचा कल, निवडणुकीचा कल, आणि भिंतीचाही कल. पहिल्या दोन ठिकाणी तो ओढा असतो, तिसऱ्या ठिकाणी दोष. माझ्या भाचीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच रायफलीवर येऊन बसले, आणि त्यातून आमच्या घरात वर्षभर जे रामायण झाले तेच आज सांगायचे आहे.

नेमबाजीचे वेड महाराष्ट्राला नवे नाही. अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलीत जगज्जेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला एअर रायफलचा जगज्जेता ठरला, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक आणले. ही सगळी नावावळ भाची आपल्या वडिलांना एका दमात म्हणून दाखवते. भाऊजी पतपेढीत हिशेबनीस आहेत. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "ही शिखरावरची माणसं झाली. पायथ्याशी किती उभी आहेत, तो आकडा सांग."

आकड्याचा विषय निघाला म्हणून सांगते. रायफलीला दोन लाखांवर रुपये पडले. ते भाऊजींनी कर्जाऊ काढले. शिवाय कडक कापडाचे जाकीट, बूट, हातमोजा, आणि महिन्याला संपणारे छर्रे. मुलीसाठी त्यांनी हे केले, आणि केल्याचे कधी बोलून दाखवले नाही. पण मागच्या वर्षी निवड स्पर्धेत ती मागे पडली तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "आणखी एक वर्ष बघू. नाही जमलं तर रायफल विकू, कर्ज फेडू, आणि तू बँकेच्या परीक्षांना बस." यात त्यांचे काय चुकले? मला तर एक अक्षरही खोडता आले नाही. ताईला रडू आले, भाचीने जेवण सोडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती सरावाला निघून गेली.

आता हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे लक्षात येईल. लक्ष्य असते १० मीटरवर. आपल्या दिवाणखान्याच्या दुप्पट अंतर म्हणा. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा. आणि ज्यावर मारायचे तो दहा गुणांचा ठिपका किती मोठा? अर्धा मिलिमीटर! पूर्णविरामाएवढा. उभे राहून, साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल हातात धरून, ७५ मिनिटांत ६० वेळा त्या पूर्णविरामावर छर्रा मारायचा. हल्ली गुण दशांशात मोजतात. ठिपक्याच्या अगदी गर्भात बसला तर १०.९, आणि मध्यापासून प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश कमी. पाव मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा दुसरा एकच धंदा मला ठाऊक आहे, तो सोनाराचा.

या स्पर्धेत दुर्बीण लावायला परवानगी नाही. मागे एक बारीक छिद्र आणि पुढे नळीच्या टोकाशी एक कडे, ज्याला जुने शिकारी 'माशी' म्हणत. छिद्रातून कडे बघायचे आणि कड्यात लक्ष्याचा काळा गोल बसवायचा. गोलात गोल, गोलात गोल. आता यातच एक गोम आहे. गोल वस्तू तिरकी झाली तरी गोलच दिसते! चौकोनी तसबीर कलली तर कळते. पण गोल घड्याळाचे आकडे पुसले, तर ते कलले आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

भाचीचे दुखणे हे असे होते. पहिले ४० छर्रे झकास. नंतरचे २० हळूहळू उजवीकडे सरकत. फार नाही, मिलिमीटरभर. पण मिलिमीटर म्हणजे चार दशांश. शेवटी शेवटी सगळा पुंजका उजव्या बाजूला झुकलेला. घरात ज्याने त्याने आपापले निदान केले. ताई म्हणाली, पोरगी नीट जेवत नाही. भाऊजी म्हणाले, शेवटी शेवटी लक्ष उडते. हिशेबातही चुका महिनाअखेरीलाच होतात. केंद्रावरच्या मैत्रिणी म्हणाल्या, मन कच्चे आहे. हे 'मन कच्चे' सगळ्यात वाईट. जेवण वाढवता येते, लक्ष देता येते. पण आपले मनच कच्चे आहे असे एकोणीस वर्षांच्या मुलीला एकदा वाटू लागले, म्हणजे तिने काय करावे?

तिच्या सरांनी काही निदान केले नाही. त्यांनी बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. तो तिच्या मागे दोरीने टांगला आणि दर दहा छर्ऱ्यांनंतर मागून फोनवर तिचा फोटो घेतला. फोटोत रायफलही आली आणि ओळंब्याची दोरीही आली. फोन हातात वाकडा झाला तरी बिघडत नाही, कारण दोरी काही खोटे बोलत नाही. पहिल्या फोटोत रायफल आणि दोरी समांतर. तिसऱ्यातही. पाचव्या फोटोत रायफल उजवीकडे कललेली, आणि सहाव्यात अंदाजे ३ अंश. डावा हात आणि कंबर दमत होती, मान किंचित खाली येत होती, आणि मानेबरोबर रायफलीचा दस्ता फिरत होता.

भाचीला ते पटेना. "मावशी, मी सरळच उभी होते गं! मला माहीत आहे ना!" ती घरी येऊन सांगू लागली. खोटे ती बोलत नव्हती. तिला खरोखरच आपण सरळ आहोत असे वाटत होते, आणि ही माणसाची फार जुनी फसवणूक आहे. आपल्या कानाच्या आत चुनखडीसारखे सूक्ष्म कण असतात. डोके कलले की ते सरकतात आणि मेंदूला खबर देतात. पण ही खबर पक्की नसते. हेर्मान औबर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६१ साली दाखवून दिले, की अंधाऱ्या खोलीत डोके बरेच कलवून उभ्या उजेडाच्या रेघेकडे पाहिले तर ती रेघच तिरकी दिसते. पुढे १९४८ साली अमेरिकेत ॲश आणि विटकिन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले, त्यात भोवतालची चौकटच तिरकी ठेवली. तेव्हा पुष्कळ माणसांना सरळ काठी तिरकी वाटली आणि तिरकी सरळ. सारांश, आपण किती सरळ आहोत हे आपल्यालाच विचारण्यात अर्थ नसतो.

पण रायफल जराशी कलली तर छर्रा उजवीकडे का जावा? मी मराठीची बाई. मला हे समजावून घ्यायला एक रविवार लागला. ज्यांना हे आधीच कळते त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

आंब्यावर दगड मारताना आपण आंब्याच्या थोडे वर मारतो, कारण जाता जाता दगड खाली येतो. छर्ऱ्याचेही तेच. १० मीटर जायला त्याला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात तो सुमारे १७ मिलिमीटर खाली उतरतो. म्हणून नजरेची रेषा लक्ष्यावर असताना नळीचे तोंड मुद्दाम किंचित वर धरलेले असते. लक्ष्यापाशी मोजले तर बरोबर १७ मिलिमीटर वर. रायफल सरळ असताना ही वरची उचल आणि ते खाली उतरणे एकमेकांना फेडून टाकतात. जमाखर्च शून्य. आता रायफल उजवीकडे कलवा. नळीची उचल रायफलीबरोबर फिरली. ती आता 'वर' नाही, 'वर आणि जराशी उजवीकडे' आहे. पण पृथ्वी काही रायफलीबरोबर कलत नाही! ती आपली सरळ खालीच ओढते. मग उजवीकडची उचल फेडणारे कोणी उरत नाही, आणि छर्रा तेवढा उजवीकडे पडतो. ३ अंशांच्या कलाला हे अंतर जवळजवळ ०.९ मिलिमीटर भरते. म्हणजे मधोमध बसणाऱ्या छर्ऱ्याचे साडेतीन दशांश गेले. खाली मात्र तो केसाच्या जाडीइतकाही जात नाही. म्हणूनच नेमबाजाला वाटते, उंची तर बरोबर आहे, मग बाजूला कशाने गेला? वाऱ्याने? चापाने? कच्च्या मनाने?

हा हिशेब भाऊजींना फोनवर सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एकीकडचं येणं दुसऱ्या खात्यात जमा झालं म्हणा!" माझ्या रविवारच्या मेहनतीचे सार त्यांनी एका वाक्यात काढले.

सरांनी मग रायफलीच्या पुढच्या कड्याखाली ती काचेची नळी बसवायला सांगितले. भाऊजींनी किंमत ऐकली आणि "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" असे म्हणाले. पैसे मात्र त्याच दिवशी पाठवले.

हीच ती आपल्या गवंड्याची पाणसळ. गवंडी ती विटांच्या थरावर आडवी ठेवतो, सुतार चौकटीवर ठेवतो. जगात ती आली १६६१ च्या सुमारास. मेल्किसेदेक तेवनो नावाच्या फ्रेंच विद्वानाच्या डोक्यातून. त्याआधी माणसाने देवळे, राजवाडे, घाट सारे ओळंब्यावर आणि उघड्या पाण्याच्या पातळीवर बांधले. तेवनोने काचेच्या नळीत स्पिरिट भरले आणि एक बुडबुडा आत ठेवून तोंड बंद केले. पाणी नको, कारण ते थंडीत गोठते आणि काचेला चिकटून राहते. आणि या नळीची खरी किमया अशी, की ती सरळ नसते. तिला पोटाकडून अगदी सूक्ष्म बाक असतो, नांगी वर केलेल्या कमानीसारखा. बुडबुडा नेहमी सर्वात उंच जागी जाऊन बसतो. नळी दोरीसारखी सरळ असती तर किंचित कल होताच तो टोकाला पळाला असता आणि कल किती, हे कळलेच नसते. बाक आहे म्हणून तो थोड्या कलाला थोडाच सरकतो. इतरांचा वाकडेपणा मोजायला स्वतः जरासे वाकलेले असावे लागते, ही गोष्ट आम्हा मास्तर लोकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बुडबुडा आला, आणि भाचीचे गुण खाली गेले! आणखी खाली. कारण आता ती बुडबुड्याकडेच बघत बसू लागली. तो मध्यावर आणायचा, मग गोलात गोल बघायचा, तोवर तो पुन्हा सरकला, पुन्हा आणायचा. दहा-बारा सेकंदांत छर्रा सुटला तर सुटला. पुढे श्वास कोंडतो, हात थरथरतो आणि नजर थकते. बुडबुडा सोबतीला ठेवला होता, तो सासू होऊन बसला. एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, काढूनच टाकते ते. आधी निदान चाळीस तरी नीट जायचे."

तेव्हा सरांनी तिला एक वाक्य सांगितले, ते मी वर्गात क्रियापदे शिकवताना वापरते. सर म्हणाले, "बुडबुडा बघत राहायचा नाही, बघून घ्यायचा." 'बघणे' आणि 'बघून घेणे' यांतला फरक व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाने मला इतका स्वच्छ दाखवला नव्हता. मग त्यांनी क्रमच लावून दिला. पाय रोवायचे. रायफल खांद्याला आणायची. डोळे मिटून एक श्वास सोडायचा. डोळे उघडायचे आणि बुडबुडा एकदा बघून घ्यायचा. मध्यावर नसेल तर मनगटाने ओढून आणायचा नाही, कारण ओढलेली गोष्ट छर्रा सुटताना पुन्हा जागेवर जाते. पाय आणि कंबर बदलायची. मध्यावर असेल तर त्याला विसरायचे. मग फक्त गोल, आणि चाप.

आणखी एक गोष्ट मला इथेच कळली, आणि ती कळल्यावर मी थोडी चक्रावले. जगातले कितीतरी उत्तम नेमबाज रायफल मुद्दाम कलवून धरतात! मान ताठ ठेवून डोळा छिद्रापाशी यावा म्हणून ते रायफलच चेहऱ्याकडे किंचित झुकवतात आणि मागचे छिद्र तेवढे बाजूला सरकवून घेतात. त्यांचा छर्रा बरोबर मध्यावर बसतो. कारण सारखेपणा हवा असतो. पहिल्या छर्ऱ्याला जेवढा कल, तेवढाच साठाव्याला. म्हणून बुडबुड्याची नळीही थोडी फिरवून आपल्या कलाला जुळवून घेता येते. म्हणजे बुडबुडा 'तू सरळ आहेस का' असे विचारत नाही. 'तू मघाशी होतीस तशीच आहेस का' एवढेच विचारतो. पहिला प्रश्न नीतीचा आहे, दुसरा हिशेबाचा. दुसऱ्याचे उत्तर देता येते.

भाऊजींच्या थोरल्या भावांचे मात्र वेगळे. गावाकडे त्यांच्या मळ्यात जी छऱ्याची बंदूक आहे तिला दुर्बीण आहे. ते पाखरांवर नेम धरत नाहीत. रिकामे डबे आणि लिंबे मांडून ठेवतात. पुतणीला पहिली बंदूक त्यांनीच हातात दिली, त्यामुळे या साऱ्या खर्चाचे मूळ पातक घरात त्यांच्या नावावर आहे. पुतणीच्या बुडबुड्याची गोष्ट ऐकून त्यांनीही एक मागवला. दुर्बिणीच्या नळीला कड्यासारखा आवळायचा, डाव्या बाजूला असा की डावा डोळा उघडा ठेवला तर सहज दिसावा. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांचा तो सोहळा पाहिला. चिंचेच्या फांदीला ओळंबा टांगला. बंदूक उशांवर ठेवून दुर्बिणीतली उभी रेघ लांबच्या दोरीवर तंतोतंत बसवली. रेघ दोरीवर असताना कडे अशा रीतीने आवळले, की बुडबुडा मध्यावर राहील. झाले? "नाही झालं," ते म्हणाले. "दुर्बीणच नळीवर वाकडी बसली असेल तर? रेघ सरळ आणि बंदूक कललेली!" म्हणून दोरीमागे पुठ्ठा लावून त्यांनी दुर्बिणीचा वरचा खटका फिरवत खालपासून वरपर्यंत छर्रे मारले. छर्रे दोरीच्या रेषेत चढत गेले, तेव्हा कुठे त्यांनी चहा मागितला.

त्यांना ही काटेकोरी हवी, कारण त्यांचे अंतर लांब. अंतर पाचपट झाले की छर्ऱ्याचे उतरणे पंचवीसपट होते. १० मीटरला १७ मिलिमीटर, तर वेग तोच धरला तरी ५० मीटरला ४२ सेंटिमीटर; आणि वाटेत वेग कमी होतो म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. मग तोच ३ अंशांचा कल सव्वादोन सेंटिमीटरची चूक करतो, आणि लिंबू शाबूत राहते. त्यातून त्यांचा मळा उताराचा. उतारावर उभे राहिले की जमीनच डोळ्यांना फसवते आणि बंदूक उताराबरोबर कलते. "इतकी वर्षं मी वाऱ्याला शिव्या दिल्या," ते लिंबाची फोड चहात पिळत म्हणाले.

आमच्या धंद्यातही वारा पुष्कळ शिव्या खातो. पेपर तपासणारा परीक्षक सकाळी ज्या हाताने गुण देतो, त्याच हाताने संध्याकाळी देतो का? पहिल्या गठ्ठ्यातल्या मुलाला आणि साठाव्या पेपराच्या मुलाला एकच माप लागते का? परीक्षक शपथेवर सांगेल, लागते. भाचीही शपथेवरच सांगत होती. म्हणून तर नमुना उत्तरे असतात, आणि तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर दुसऱ्याने पुन्हा पाहायचे असतात. याचा पुष्कळांना राग येतो. आमच्यावर विश्वास नाही का, असे ते विचारतात. प्रश्न विश्वासाचा नसून कंबरेचा आहे. कंबर दमते.

स्पर्धा ऑगस्टमध्ये झाली. भाऊजी रजा टाकून आले होते. पहिल्यांदाच. मागच्या बाकावर आम्ही दोघे शेजारी बसलो. समोर पडद्यावर प्रत्येक छर्रा कुठे बसला ते दिसत होते. चाळीस झाले. भाऊजींनी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली. एकेचाळीस, बेचाळीस, मध्यावर. सत्तेचाळीसाव्याला तिने रायफल खांद्याला आणली, क्षणभर थांबली, आणि छर्रा न सोडताच खाली घेतली. पाय हलवले. पुन्हा आणली, पुन्हा खाली घेतली. वेळ पळत होता. भाऊजी पुटपुटले, "मार की!" मला ठाऊक होते ती काय बघून घेते आहे. तिसऱ्यांदा तिने चाप ओढला. १०.५. बावन्नला पुन्हा तेच. शेवटचा छर्रा सुटला तेव्हा घड्याळात चार मिनिटे उरली होती.

गेल्या वर्षीपेक्षा सात गुण जास्त आले. आणि निवडीच्या रेषेपासून ती आठ दशांश खाली राहिली.

आठ दशांश म्हणजे साठ छर्ऱ्यांत मिळून दोन मिलिमीटर. ती जाकीट काढून आली आणि वडिलांसमोर उभी राहिली. बोलली नाही. करार तिला ठाऊक होता. मीही काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

भाऊजींनी तिच्याकडून छापील कागद मागून घेतला. त्यावर साठही छर्रे ठिपक्यांनी दाखवलेले होते. गेल्या वर्षीचा कागद त्यांनी पिशवीतून आणला होता, हे मला तेव्हा कळले. दोन्ही कागद त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला, आणि पतपेढीचे खाते तपासावे तसे तपासले. गेल्या वर्षीचा पुंजका उजवीकडे कललेला. या वर्षीचा मधोमध, फक्त जरा सैल. खूप वेळाने ते म्हणाले, "गेल्या साली हिशेबात चूक होती. या साली चूक नाही. रक्कम कमी पडली आहे." चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. "चूक असेल तर वही बंद करावी. रक्कम कमी असेल तर भरता येते. एक वर्ष अजून. पण बँकेची परीक्षासुद्धा द्यायची. दोन्ही."

भाचीने मान हलवली. आता पहाटे रायफल आणि रात्री अंकगणित असा तिचा क्रम चालू आहे. पुढे काय होईल ते पुढे. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच आहे, आणि माझ्या कपाटाशेजारचे कुलूपही तसेच आहे.

वाचकहो, दिवाळी आली. घरोघर झाडलोट झाली असेल, भिंतीवरच्या तसबिरी पुसून पुन्हा लावायच्या असतील. एक जण स्टुलावर उभा राहील आणि खालून चौघे सांगतील: डावी वर, नाही उजवी वर, नाही मघाशीच बरी होती! या भांडणात पडू नका. आकाशकंदिलाचा उरलेला दोरा घ्या, त्याला कपाटाची किल्ली बांधा आणि तसबिरीच्या कडेशी धरा. किल्ली सांगेल ते सगळ्यांनी ऐकावे. आणि तसबीर सरळ असून भिंतच कललेली निघाली, तर घरमालकाशी बोलताना कृपा करून माझे नाव सांगू नका.